उताऱ्यावरची नावे

आमच्या भागात इतिहासावर लेख लिहायचा म्हटला, की विषय ठरलेले असतात. बेळगावचा किल्ला, कित्तूरची राणी, १९२४ चे काँग्रेस अधिवेशन आणि शेवटी महाजन आयोग. मीही या विषयांवर लिहिले आहे आणि अंगात बळ असेपर्यंत पुढेही लिहीन. यंदा मात्र संपादकांना मी आधीच कळवले, की मला घरांच्या आणि जागांच्या भावांविषयी लिहायचे आहे. 'हा इतिहासाचा विषय कसा?' असे त्यांनी विचारले नाही, हा त्यांचा मोठेपणा. वाचक विचारतील, म्हणून आरंभीच खुलासा करतो.

सीमाभागातला माणूस जमिनीविषयी एकच प्रश्न विचारायला शिकलेला आहे : ती कोणत्या राज्यात? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्याने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच राहावे, असे सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढे आमच्या आठवीतल्या मुलालाही पाठ असते. पण याच सत्तर वर्षांत तीच जमीन राज्य न बदलता हात बदलत गेली. एकराने नव्हे, गुंठ्या-गुंठ्याने. उताऱ्यावरची जुनी नावे कंस पडून खाली गेली आणि नवी नावे वर आली. या बदलाची नोंद कोणत्याही आयोगाच्या अहवालात नाही. ती सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आहे. आमच्या गावांचे काय झाले हे समजून घ्यायचे, तर ही दुसरी दप्तरेही उघडली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे.

राहत्या घरांची मागणी वाढली की कोणाला तरी उठावे लागते, ही गोष्ट बेळगावात जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले. पुढे ठळकवाडीला कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करण्याचा छोटा कारखाना उभा राहिला. ठळकवाडी म्हणजे आजची टिळकवाडी. तेव्हा तो गावाबाहेरचा माळ होता. मग नगरपालिकेला तिथे नवी वसाहत करायची ठरली आणि किर्लोस्करांना जागा सोडण्यास सांगण्यात आले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकरांची निवडुंगाची, सापांची जमीन दाखवली. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. ही कथा आपण उद्योजकाच्या जिद्दीची म्हणून शिकवतो आणि ती तशी आहेच. पण ती बेळगावच्या बाजूने वाचून पाहावी. गावाने बंगल्यांसाठी कारखाना घालवला. त्या घरांत ज्यांना राहायला मिळाले, त्यांचा फायदाच झाला. त्या कारखान्यात पुढच्या पिढ्यांतल्या ज्या हातांना काम मिळाले असते, ते पोटासाठी कुठे गेले, याची नोंद नाही. आज बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, हे खरे.

१९२४ च्या डिसेंबरात याच टिळकवाडीच्या मोकळ्या रानात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरले. पाण्यासाठी विहीर खणली, तंबू ठोकले, 'विजयनगर' वसवले. त्या रानाच्या भोवती आज इतकी दाट वस्ती आहे, की काँग्रेस विहीर दाखवायला मुलांना नेले, तर 'तंबू कुठे होते?' या त्यांच्या प्रश्नाला हात नुसता चहूकडे फिरवावा लागतो.

सीमा आम्हांला १९५६ मध्येच भेटली असे कोणी समजू नये. बेळगावची नगरपालिका १८५१ ची, इंग्रजी अमलातली. तिला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानचे. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत या दोन पेठांमध्ये सरकार बदलत असे. शिवाय कॅम्प तिसराच : तिथल्या जुन्या बंगल्यांत घर राहणाऱ्याचे आणि खालची जमीन सरकारची, असा प्रकार आजही अनेक ठिकाणी आहे. कॅम्पातली ती गर्द झाडे बऱ्याच अंशी या अटीमुळे वाचली, असे माझे मत आहे. जमीन विकता येत नसेल, तर झाडाखालच्या सावलीची किंमत कोणी काढत नाही.

गल्लीतल्या घरांची गोष्ट निराळी. रामदेव गल्ली, नार्वेकर गल्ली, शहापूरची खडेबाजार, इथली घरे लांबुडकी : पुढे दुकान किंवा ओसरी, मध्ये माजघर, मागे परसू आणि विहीर. एका घरात तीन-चार बिऱ्हाडे. मुंबई राज्याचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा बेळगावलाही लागू होता आणि त्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. पुढे म्हैसूर राज्याचा १९६१ चा कायदा आला, तरी धोरण तेच राहिले. त्यामुळे घरमालक आणि भाडेकरू एका विचित्र दोरीने बांधले गेले. मालकाला दुरुस्तीपुरतेही भाडे मिळेना, म्हणून तो कौले फिरवीना. भाडेकरू गळत्या घरात पण स्वस्तात राहिला. दोघेही एकमेकांना शिव्या देत पन्नास वर्षे एका विहिरीचे पाणी प्यायले. अर्थशास्त्राचे प्राध्यापक या कायद्याला नावे ठेवतात आणि त्यांचे खरेही असेल. परंतु शिंपी, सोनार, विणकर, शिक्षक, पोस्टमन हे सारे लोक गावाच्या मध्यभागी राहू शकले, ते याच कायद्याच्या आधाराने. कर्नाटकचा नवा भाडे कायदा १९९९ चा. तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. त्यात भाडेकरूच्या वारसांना पाच वर्षांचीच मुदत ठेवली आहे. म्हातारा भाडेकरू गेला, की मुलांनी पाच वर्षांत पाहावे. २००१ नंतर गल्ल्यांतून कौले उतरायला लागली, त्याला इतर कारणांबरोबर हेही एक कारण आहे.

आता शेतजमिनीकडे येतो, कारण शहराच्या घरांचा भाव शेवटी शिवारात ठरतो.

१९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे गेला. येळ्ळूर, धामणे, वडगाव, अनगोळ इकडे राहिले. मुंबई राज्याने कूळकायदा दुरुस्त करून १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला; त्या दिवसापासून कसणारे कूळ जमिनीचा खरेदीदार मालक मानले गेले. चंदगडच्या कुळाला हा लाभ झाला. तोच कायदा येळ्ळूरच्या कुळालाही लागू होता, पण त्यातली मालकी देणारी कलमे म्हैसूर सरकारने १९५७ मध्येच स्थगित केली. म्हैसूरचा स्वतःचा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, तो अमलात यायला १९६५ उजाडले आणि त्यात खरा दम आला तो देवराज अर्स यांच्या काळातल्या दुरुस्तीने, १ मार्च १९७४ पासून. म्हणजे पाच-सात कोसांवरच्या दोन शेतकऱ्यांत, केवळ सीमारेषेमुळे, मालकीचे सतरा वर्षांचे अंतर पडले. सीमाप्रश्नावरच्या कोणत्याही भाषणात मी हा मुद्दा ऐकलेला नाही.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. १९७४ च्या दुरुस्तीप्रमाणे कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरला, न्यायाधिकरणापुढे सुनावण्या झाल्या, निकाल लागत गेले. अशा मिळालेल्या जमिनी निकालापासून १५ वर्षे विकता येत नसत. निकाल १९८० च्या आसपासचा धरला, तर बंदी उठते १९९५ च्या आसपास. आणि तेव्हाच काय घडत होते? १९९४ मध्ये कर्नाटकाने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा देणारा कायदा केला. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावला आले, तेही मच्छेच्या अंगाला. उद्यमबागेतली फौंड्री-मशीनशॉप भरात होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथेच असल्याने चंदगड, गडहिंग्लज, खानापूरचे निवृत्त जवान फंडाचे पैसे घेऊन गणेशपूर-हिंडलग्याच्या बाजूला जागा शोधत होते. गोव्याची गाडी दर शनिवारी-रविवारी बाजाराला येत होती आणि हळूहळू जागाही पाहू लागली होती. नुकताच मालक झालेला शेतकरी आणि घर हवे असलेला शहरी माणूस एकाच वेळी समोरासमोर आले. मी मुलांना नेहमी सांगतो, की इतिहासात मोठ्या घटना पुष्कळदा अशाच घडतात; दोन कायदे वेगवेगळ्या हेतूंनी होतात आणि त्यांच्या मुदती एका दशकात संपतात.

मग गुंठ्याची भाषा आली. ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. एकरात असे ४०. आमच्या लहानपणी गुंठा हे माप तलाठ्याच्या तोंडी असे. शेतकरी एकरात किंवा किती पोती बियाणे लागते त्यावर बोले. आज पाचवीतले पोरही गुंठ्याचा भाव सांगते.

शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये, असे कर्नाटकचा कायदा १९७४ पासून २०२० पर्यंत सांगत होता. २०२० मध्ये ती कलमे काढून टाकली. हेतू शेतकऱ्याच्या रक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की रीतसर बिगरशेती करून पाडलेले प्लॉट थोडे आणि महाग राहिले, आणि गरजू माणूस बाँडवर जागा घेऊ लागला. स्टँपपेपरवर लिहिलेला करार, दोन साक्षीदार, विसार आणि दोन वर्षांत उभे केलेले तीन खोल्यांचे घर. वडगाव, अनगोळ, मजगाव, कणबर्गी, कंग्राळी या बाजूंना अशी किती घरे आहेत, हे त्या त्या ठिकाणच्या माणसाला विचारावे. या लोकांची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. त्यांच्या जागेचा भाव वाढला असे सगळे म्हणतात. पण कागद पुरा नसल्यामुळे बँक कर्ज देत नाही, विकायला गेले तर गिऱ्हाईक निम्मे मागते आणि नियमित करून घ्यायला गेले तर वाढलेल्या भावाप्रमाणेच दंड-शुल्क बसण्याची भीती. भाव वाढल्याचा आनंद कुठे ठेवावा, हे त्यांना कळत नाही.

ज्यांचे कागद पक्के आहेत, त्यांचे तरी काय? माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे टिळकवाडीत घर आहे. तिच्या सासऱ्यांनी बांधलेले. बाई एकट्या राहतात, पेन्शनवर. जुन्या पद्धतीत घरपट्टी (निपाणीकडे घरफाळा म्हणतात) घराच्या भाड्यावर ठरत असे : हे घर भाड्याने दिले तर वर्षाला काय येईल, त्याचा अमुक हिस्सा. २००२ पासून ती भांडवली किमतीवर आली, आणि किंमत काढायची सरकारी दरावरून, ज्याला इथे सगळे गाइडन्स व्हॅल्यू म्हणतात. हा बदल कारकुनी वाटतो, तसा तो नाही. पूर्वी सरकार विचारत होते, 'या घरात राहण्याचे मोल काय?' आता विचारते, 'हे घर विकले तर काय येईल?' बाईंना विकायचे नाही. पण शेजारचा बंगला पाडून तिथे अपार्टमेंट झाली, तिचे व्यवहार नोंदले गेले, १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यभर सरकारी दर वाढले आणि बाई काहीही न करता श्रीमंत ठरल्या. त्या श्रीमंतीची पावती दर वर्षी येते. एकदा त्या हसत म्हणाल्या, "सर, मी माझ्याच घरात सरकारची भाडेकरू झाले." मी दुरुस्ती सुचवली नाही.

'मग विका आणि लहान घर घ्या', असे सांगणारे पुष्कळ भेटतात. विकले, तरी घ्यायचे कुठे? भाव सगळीकडेच वाढलेला. शिवाय खरेदीचा खर्च पाहा. कर्नाटकात ५ टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर उपकर-अधिभार धरून शहरात ५.६ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का होते ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाले. उदाहरणादाखल ५० लाखांचे घर धरले, तर ३ लाख ८० हजार रुपये नुसते कागदाचे. एजंटाचे, वकिलाचे वेगळे. एका घरातून उठून दुसऱ्यात बसण्याची ही किंमत. तेव्हा ज्याला एकच घर आहे आणि त्यातच राहायचे आहे, त्याच्या दृष्टीने घराचा भाव वाढणे म्हणजे शेजाऱ्याच्या लग्नातली वरात आपल्या दारावरून जाणे. आवाज आपल्याला, जेवण दुसऱ्याला.

हा अंक दिवाळीचा आहे, म्हणून भाऊबीजेचाही उल्लेख करतो. पूर्वीच्या रीतीने वडील गेले, की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करत. भाऊ साडीचोळी करी आणि माहेरचे दार उघडे राही. त्यात बहिणीवर अन्याय होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तो अन्याय सोसवत असे, याचे एक कारण म्हणजे घर विकायचे नव्हते आणि त्याला फारशी किंमतही नव्हती. कर्नाटकाच्या १९९४ च्या कायद्याने मुलींना हक्क दिला, पण ३० जुलै १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात ही अट नव्हती; आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील २००५ मध्ये हयात नसले, तरी मुलीचा हक्क राहतो, असा निर्वाळा दिला. म्हणजे थोरल्या बहिणीचा हक्क तीन टप्प्यांनी मोकळा झाला, आणि प्रत्येक टप्प्याला घराचा भाव मागच्यापेक्षा पुष्कळ वर गेलेला. कायदा आधी आला असता आणि भाव नंतर वाढला असता, तर वाटण्या शांतपणे झाल्या असत्या, असे मला वाटते. तसे झाले नाही. माझ्या ओळखीच्या निदान सहा-सात घरांत भाऊबीज आता वकिलाच्या सल्ल्याने होते किंवा होत नाही. आणि वाटा द्यायचा म्हटला, तरी लांबुडक्या घराचे चार भाग करता येत नाहीत; मध्ये भिंत घातली, तर कोणाच्या वाट्याला उजेड येत नाही. मग एकच उपाय उरतो : विकून पैसे वाटून घेणे. गल्लीतली पुष्कळ घरे बाहेरच्या कोणी पैशाच्या जोरावर काढून घेतली, असे सभांतून सांगितले जाते. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी आधी घरातल्या माणसांचे फाटले होते. गिऱ्हाईक नंतर आले.

ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्यांचे काय झाले हे मला शाळेच्या जनरल रजिस्टरावरून कळते. इतिहासाचे साधन म्हणून कोणी या रजिस्टराकडे पाहत नाही, पाहावे. जन्मतारीख, आडनाव, पालकाचा धंदा आणि पत्ता. जुन्या पानांवर पत्ते गल्लीचे आहेत. मग त्याच आडनावांपुढे वडगाव-खासबाग येते, पुढच्या पिढीला अनगोळ-मजगाव आणि अलीकडे मच्छे-पिरनवाडी. एकाच मुलाचा पत्ता पाचवी ते दहावीत तीनदा खोडून लिहिलेला मी पाहिला आहे. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार, दर करारला भाडे वाढ, मग बाप सामान टेंपोत भरतो. चौथ्या वेळी पत्ता बदलत नाही. दाखला काढला जातो.

वडगाव-खासबागच्या विणकरांची अडचण आणखी वेगळी. त्यांचे घर म्हणजेच कारखाना. यंत्रमाग तळमजल्यावर लागतो, त्याला जमीन पक्की लागते आणि खटखट ऐकून घेणारा शेजार लागतो. भाड्याची जागा विकली गेली, की त्याला कोणी तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट फुकट दिला, तरी उपयोग नाही. माग जिन्याने चढत नाही. साड्यांच्या धंद्याला मंदी आली, सुताचे भाव वाढले, ही कारणे वर्तमानपत्रात येतात. जागेचे कारण सहसा येत नाही.

इथे एक गोष्ट नमूद करतो, कारण आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला भाषेचा रंग चढतो. गल्ली सोडून गेलेल्या मुलांच्या जागी नव्या अपार्टमेंटमधली मुले आमच्या मराठी शाळेत येत नाहीत. पण ती पलीकडच्या कन्नड शाळेतही जात नाहीत. दोन्ही भाषांची पोरे सकाळी एकाच इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये चढतात. कन्नड शाळेचे मुख्याध्यापक माझे स्नेही आहेत. पटसंख्येच्या दिवसांत आम्ही दोघे एकमेकांचे सांत्वन करतो.

निपाणीची कथा तंबाखूशी बांधलेली. इथल्या वखारी म्हणजे उंच भिंती, मोठे अंगण, आत तंबाखूचा खकाणा आणि दिवसभर चाळण्या मारणाऱ्या बाया. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हमरस्त्यावर ठिय्या दिला, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी बळी गेले. त्याच सुमारास वखारीतल्या बायांची संघटना उभी राहिली. त्यांच्यावर १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ओब आली' हा माहितीपट निघाला. हा सारा इतिहास मजुरीचा आणि मालाच्या भावाचा आहे. पुढे काळम्मावाडीचे पाणी आले, वेदगंगा-दूधगंगेच्या काठाने ऊस वाढला, तंबाखू मागे पडला. आणि मग व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, की वखारीत ठेवलेल्या मालापेक्षा वखारीखालच्या जमिनीला जास्त दाम आहे. गावाच्या मध्यावर, रस्त्याला लागून, चौकोनी, एका मालकाची जागा. प्लॉट पाडायला याहून सोयीची कोणती? उसाचा पैसा होताच. पुणे-बेंगळूर रस्ता चौपदरी झाला, पलीकडे कागलची औद्योगिक वसाहत वाढली, २०१८ मध्ये निपाणी स्वतंत्र तालुका झाला. जिथे बायका तंबाखू चाळत होत्या, तिथे आता वर फ्लॅट आणि खाली कापडाची दुकाने आहेत. त्या बायकांपैकी ज्या हयात आहेत, त्या गावाच्या कडेला भाड्याच्या खोलीत विड्या वळतात. विडीला निदान माग लागत नाही, सूप मांडीवर घेऊन कुठेही बसता येते. १९८१ मध्ये त्यांची मागणी मजुरीची होती. घरासाठी मोर्चा काढावा असे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही, कारण तेव्हा निपाणीत खोली मिळत होती.

विकणाऱ्याला दोष देणे मला मान्य नाही, हेही सांगून टाकतो. येळ्ळूर, धामण्याच्या बाजूला दोन-तीन गुंठे विकून मुलीला इंजिनिअर केलेले शेतकरी मला माहीत आहेत. तीन एकर भातशेतीत दोन भावांची कुटुंबे कशी जगतात, हे शहरातल्या घरात बसून बोलणाऱ्याला कळणार नाही. आमच्या शाळेत मी मुलांना एक उपक्रम देतो : घरातला सगळ्यांत जुना कागद आणून दाखवा. कोणी मोडीतले खत आणतो, कोणी सांगलीच्या दरबाराचा शिक्का. एका मुलाने न्यायाधिकरणाचा निकाल आणला, आजोबांना कूळ म्हणून जमीन मिळाल्याचा. कन्नडमधला कागद, नीट लॅमिनेट केलेला. जमीन कुठे आहे, विचारले तेव्हा त्याने एका नगराचे नाव सांगितले. आम्ही सगळे तिथूनच बसने येतो.

उरलेल्या शिवाराचा प्रश्न मात्र अजून संपलेला नाही. शहराच्या दक्षिणेला, बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना, ज्या काळ्या रानात बेळगावचा सुवासिक बासमती पिकतो, ते रान तिबारपिकी आहे. हलगा-मच्छे बायपास याच रानातून आखला गेला. शेतकरी न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, उठली, पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रे उतरली. २०१२ मध्ये हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौध उभा राहिला तेव्हापासून त्या बाजूचे भाव चढतेच आहेत. आता रिंगरोडसाठी आणखी गावांना नोटिसा गेल्या आहेत. सरकार भरपाई कशी ठरवते, ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांत त्या परिसरात नोंदलेल्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्यांची सरासरी किंवा सरकारी दर, यांतले जास्त असेल ते बाजारमूल्य. आता खरेदीखतात खरा आकडा कोण लिहितो? मुद्रांक वाचावा म्हणून वीस-पंचवीस वर्षे सगळ्यांनी कमी रक्कम लिहिली; बाँडवरचे व्यवहार तर नोंदलेच गेले नाहीत. त्यामुळे घर घ्यायला जाणाऱ्याला गुंठ्याचा जो भाव ऐकू येतो, तो शेत सोडणाऱ्याच्या नोटिशीत नसतो. धामण्याचा माझा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी शेजाऱ्यांची जुनी खरेदीखते गोळा करत सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत महिनाभर खेटे घालत होता. त्याला असे एक खत हवे होते, ज्यात कोणीतरी खरी किंमत लिहिली असेल. शेवटी एक मिळाले. दीड गुंठ्याचे, एका निवृत्त हवालदाराने घेतलेले. ते जोडून त्याने हरकत दाखल केली आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.